जन्मसाल १९६२ : ट्रेक आयोजकांना खुलं पत्र

सह्याद्रीत आणि हिमालयात पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्था, ग्रुप आणि कंपन्यांना,

स.न.वि.वि.

गेल्या जूनमध्ये तुमच्यापैकी एकांच्या कळसूबाई नाइट ट्रेकचा फॉर्म मी मोबाइलवर भरायला घेतला. नाव, रक्तगट, पिकअप पॉइंट, जेवण व्हेज की नॉनव्हेज, सगळं भरून झालं. जन्मसालाच्या रकान्यावर बोट ठेवलं तेव्हा यादी उघडली. २०१७ पासून सुरू झालेली ती यादी खाली खाली सरकवत नेली, तर १९७५ ला येऊन थांबली. त्याखाली काही नाही. माझं साल १९६२. मला वाटलं, नेट अडकलं. दोनदा बंद करून पुन्हा उघडलं. शेवटी मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली, "बाबा, नेट नाही अडकलं, तुम्ही अडकलात."

मग फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. "सर, पन्नासच्या वर आम्ही घेत नाही. सेफ्टी पॉलिसी आहे." बरं, म्हटलं. मग सहज विचारलं, तुमच्या बॅचमध्ये माणसं किती असतात? त्यावर ती उत्साहानं म्हणाली, "त्याची काळजीच करू नका सर, भरपूर असतात. एकटं अजिबात वाटणार नाही."

हे पत्र त्या दोन वाक्यांबद्दल आहे. तुमच्याकडे माणसाचं वय मोजायला यादी आहे. माणसं मोजायला काही नाही.

मी कोण, ते सांगतो. रेल्वेत ३६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी स्टेशन मास्तर म्हणून, आणि २०२२ ला निवृत्त झालो. राहायला इगतपुरीच्या बाजूला. अलंग, मदन, कुलंग ही रांग आमच्याकडे पाऊस कुठवर आला हे बघायला वापरतात. कळसूबाईवर मी पंचवीसएक वेळा तरी गेलो असेन, नाइट ट्रेक मात्र कधी केला नव्हता. आता रात्री एकट्यानं निघायला घरचे सोडत नाहीत, म्हणून तुमच्यासोबत यायचं होतं. सोबत असावी, वाटेवर जबाबदार माणूस असावा, एवढ्यासाठीच लोक तुम्हाला पैसे देतात. मीही त्याचसाठी देणार होतो.

तुम्ही घेतलं नाही, तेव्हा जुलैतल्या एका रविवारी आम्ही तिघं स्वतःच निघालो. मी, माझ्याबरोबर नोकरी केलेले एक निवृत्त गार्ड, वय ६५, आणि आमच्या शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका, वय ५९. सोबत बारी गावातला ओळखीचा एक भाऊ वाट दाखवायला. पहाटे साडेपाचला बारी सोडलं. पाऊस रिपरिप होता, धुकं इतकं की पुढच्याची सॅक तेवढी दिसायची. साडेसातला एका लोखंडी शिडीच्या पायथ्याशी पोचलो आणि तिथंच थांबलो. निघालो तेव्हा घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

शिडी एकच. रात्री वर गेलेले सूर्योदय न बघताच (धुक्यात कसला सूर्योदय) खाली येत होते आणि सकाळी निघालेले वर जात होते. वरचे सोडत नव्हते, खालचे हटत नव्हते. कुणी मध्येच शिडीवर थांबून व्हिडिओ काढत होतं. एका मुलाच्या बुटाचा तळ निघाला होता, तो त्यानं रेनकोटच्या नाडीनं बांधला होता. चिखलात बसून एक मुलगी ओकत होती. रात्री साडेअकराला बसमध्ये खाल्लेली बिर्याणी आणि मग न झोपता चढ, दुसरं काय होणार. बाईंनी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

खाली येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनगटाला पिवळी फीत होती, तिच्यावर नाव. मला फॉर्ममध्ये न घेणाऱ्या मंडळींचंच. आता मला मोजायची सवय आहे. गाडी समोरून गेली की डबे आपोआप मोजले जातात, तसं मी पिवळ्या फिती मोजायला लागलो. काम तरी काय होतं दुसरं.

नऊच्या सुमारास एक मुलगा शिडी उतरून माझ्याजवळ आला. विशी-बाविशीचा असेल. गळ्यात शिट्टी, आवाज पूर्ण बसलेला. त्याची फीत लाल, म्हणजे लीडर. मला म्हणाला, "काका, तुम्ही मघापासून इथंच आहात ना? आमचे किती उतरले, काही अंदाज?"

मी म्हटलं, "तू धरून १२९."

त्यानं मोबाइलमध्ये बघितलं. यादीत १३२ होते.

आयोजक मंडळी, त्या मुलाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पुढच्या बसनं बारी सोडल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आलेला होता. बरोबरचे तीन लीडर केव्हाच खाली गेले होते. हा एकटा, घसा बसलेला, आणि वर धुक्यात तीन माणसं. आमचा बारीचा भाऊ आणि गार्डसाहेब त्याच्यासोबत वर गेले. तिघी माथ्याच्या अलीकडच्या विहिरीपाशी सापडल्या. एकीचा पाय मुरगळलेला, दोघी तिला सोडून जाईनात. हाक मारून मारून थकल्या होत्या. गार्डसाहेबांनी आपल्या सॅकमधली शिट्टी त्या मुलीच्या हातात दिली, क्रेप बँडेज बांधलं आणि एकेक पायरी करत तिला खाली आणलं. पासष्ट वर्षांच्या माणसानं. ज्याला तुमच्या यादीत सालच नाही.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. गाडी स्टेशनात आली म्हणून मागचा सेक्शन, म्हणजे मागच्या स्टेशनापासूनचा रूळ, मोकळा झाला, असं स्टेशन मास्तर कधी धरत नाही. शेवटच्या डब्याच्या मागं एल.व्ही., म्हणजे लास्ट व्हेइकल, असं लिहिलेला फलक असतो, रात्री दिवा असतो. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय मागच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढं यायची परवानगी, द्यायची नाही. इंजिन आलं, दहा डबे आले, वीस आले, याला किंमत शून्य. शेवटचा डबा आला का? मधूनच तुटून घाटात राहिला असेल तर? तुमच्या १३२ माणसांच्या गाडीला एल.व्ही. फलकच नव्हता. शेवटचा माणूस कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. एक परका म्हातारा टाइमपास म्हणून मोजत बसला होता, म्हणून कळलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, संख्येची. त्या दिवशी शिडीपाशी बसून मी घड्याळ लावलं होतं. ओल्या शिडीवर एका माणसामागं सरासरी चाळीस सेकंद जातात. घाबरणारा असला तर जास्त. बारीत गाड्या लागल्या होत्या ११ मोठ्या बस आणि ९ टेम्पो ट्रॅव्हलर. बसमागं ४५ आणि ट्रॅव्हलरमागं १५ धरा, झाले ६३०. खासगी गाड्या आणि दुचाक्या मी धरतच नाही. ६३० गुणिले चाळीस सेकंद, म्हणजे सात तास. नुसतं चढायला. उतरायला पुन्हा तीच शिडी. हे गणित कुठल्याही स्टेशनवरच्या नवख्या पोरालाही जमेल. एका सेक्शनमध्ये एका वेळी जेवढ्या गाड्या मावतात तेवढ्याच सोडायच्या, बाकीच्या मागच्या स्टेशनात उभ्या करायच्या. त्याला उशीर म्हणतात, आणि उशीर झालेल्या गाडीतली माणसं घरी पोचतात.

तुम्ही म्हणाल, गर्दी आमची एकट्याची नाही. खरंय. पण हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या, कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर माणसं मुंग्यांसारखी चिकटलेली, ना वर जाता येतंय ना खाली, असा व्हिडिओ काही वर्षांपूर्वी सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर फिरला होता. तुम्हीही तो बघितला, पुढं पाठवला आणि पुढच्या रविवारी हरिहरलाच बस नेल्या. तिथं एक माणूस घसरला तर एकटा घसरत नाही.

संख्या आपण आवरली नाही की दुसरं कुणीतरी आवरतं, आणि ते कुऱ्हाडीनं आवरतं. हिमालयात ट्रेक नेणाऱ्यांना हे मी सांगायला नको. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्याळांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्कामच बंद केला आणि दिवसाला २०० माणसांची मर्यादा घातली. आली आणि बेदिनीच्या गवतावर तंबूंची गावं वसवली होती, त्याचं हे फळ. आपल्याकडंही दर पावसाळ्यात एखादी दुर्घटना होते, मग जिल्हाधिकारी सरसकट बंदीचा आदेश काढतात आणि शंभर जणांची बस नेणारा आणि चौघांना घेऊन जाणारा दोघंही घरी बसतात. तेव्हा तुम्हीच आम्हाला सह्यांची निवेदनं पाठवता. मी केलीय सही. पुढच्या वेळी करण्याआधी विचार करीन.

दुसरी तक्रार वयाची. इथं मी माझ्या बाजूनं एकतर्फी बोलणार नाही. वय वाढलं की शरीर बदलतं, हे मला गुडघे रोज सकाळी सांगतात. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीत सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट खराब हवामानात सापडला आणि नऊ जण गेले. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, बरेच जण पन्नाशीच्या आसपासचे होते. ती बातमी वाचून मी दोन दिवस बेचैन होतो. वय काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्याच नऊ जणांत चौतीस वर्षांच्या एक होत्या, हेही विसरू नका. इतक्या उंचीवर बर्फाचा वारा सुटला आणि वाट दिसेनाशी झाली, तर तो जन्मदाखला मागत नाही.

मग पन्नास हा आकडा तुम्ही आणलात कुठून? अमरनाथ यात्रेला वयाची मर्यादा सत्तर आहे, वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या कैलास मानसरोवर यात्रेलाही सत्तर. तिथं साडेपाच हजार मीटरच्या वरची डोल्मा खिंड ओलांडायची असते. लिपुलेखच्या वाटेनं जाणाऱ्यांची दिल्लीत तपासणी होते आणि वर गुंजीला पुन्हा होते. तिथं नापास झालात तर तिथून परत. २०२५ मध्ये ही यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा एका तुकडीत माणसं घेतली पन्नास. केंद्र सरकार सत्तर वर्षांच्या माणसाला तपासून तिबेटात पाठवतं, पन्नासाची तुकडी करून पाठवतं. आणि तुम्ही १,६४६ मीटरच्या कळसूबाईला पन्नास वर्षांवरच्यांना न तपासता नाकारता, आणि पन्नासच्या आतल्या १३२ जणांना न तपासता घेता.

त्याच कळसूबाईवर नवरात्रात या. अकोले, इगतपुरीकडच्या सत्तरीच्या आज्या अनवाणी वर जातात, एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातानं साखळी धरलेली. त्यांच्यापुढं मी तरणाताठा दिसतो.

रेल्वेत आमची डॉक्टरी व्हायची. ज्यांच्या हातात गाडीची सुरक्षा असते त्यांची पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, पुढं पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. डोळे, कान, बी.पी., साखर. वय वाढलं की तपासणी वाढवायची, हा साधा हिशेब. (साठाव्या वर्षी हार घालून घरी पाठवलंच म्हणा. पण तोवर पंचावन्नच्या माणसावर रात्रीच्या गाड्या सोपवायला कुणी घाबरलं नाही.) तुमच्या फॉर्ममध्ये वयाच्या यादीखाली फक्त एक चौकोन होता : "मी वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त आहे". बरोबरची खूण करा, पुढं जा. पंचवीस वर्षांच्या दमेकऱ्यानं ती खूण केली तर तुम्हाला कळणार कसं?

आणि सक्त वयोमर्यादेनं काय होतं, ते तुम्हाला कुणी सांगत नाही, मी सांगतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ६६ वर्षांचे आहेत. तुमच्यासारख्याच एका ग्रुपबरोबर ते दोन वर्षं ट्रेक करतात, फॉर्ममध्ये ४९ लिहून. केस रंगवतात, ओळखपत्र कुणी बघत नाही. तुम्हाला गंमत वाटेल. पण खोटं वय सांगितलं की गोळ्याही लपवाव्या लागतात. ते रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. डोंगरावर पडले, डोक्याला मार लागला, तर तुमच्या लीडरला हे ठाऊकच नसणार. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही कुणी सांगणार नाही. खरं वय सांगून आले असते तर ती गोळी निदान फॉर्मवर लिहिलेली असती.

विम्याचं कारण मला दुसऱ्या एका आयोजकांनी दिलं, पन्नासच्या वर विमा मिळत नाही म्हणे. मी पॉलिसीची प्रत मागितली. दोन महिने झाले, दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही.

तिसरी तक्रार यादीच्या वरच्या टोकाची. २०१७! म्हणजे आठ वर्षांचं लेकरू रात्री दोन वाजता, भर पावसात, न झोपता शिडी चढायला चालतं. शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या पायाचं असतं. लहान मुलं डोंगरात यावीतच, माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला पट्टा किल्ल्यावर नेलं होतं. पण दिवसा, कोरड्या वाटेनं, आणि तिच्यामागं दोन मोठी माणसं. गर्दीत अनोळखी लीडरच्या भरवशावर नव्हे.

चौथी, "ज्येष्ठांसाठी खास" म्हणून तुम्ही जे विकता त्याची. त्या फोनवरच्या मुलीनं मलाही ते सुचवलं. समुद्रकिनारी रिसॉर्ट, सकाळी योगा, संध्याकाळी अंताक्षरी, आणि दर दुप्पट. अहो, मला अंताक्षरी घरी खेळता येते. मला डोंगर चढायचाय. थोडा हळू, दर तासाला पाच मिनिटं थांबून, पण चढायचाय.

लीडर मुलांविषयी तक्रार नाही, उलट त्यांची बाजू मांडायची आहे. त्या दिवशी खाली बारीत पिठलं-भाकरी खाताना तो घसा बसलेला मुलगा आमच्याशेजारी बसला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जेवण, प्रवास आणि हातात जेमतेम खर्चापुरते पैसे मिळतात, असं म्हणाला. प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण? "एकदा ऑनलाइन सेशन झालं होतं, काका." १३२ जणांत चार लीडर, म्हणजे एकामागं ३२. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेतले मास्तरसुद्धा एवढी पोरं सहलीला एकटे नेत नाहीत. काही झालं तर पोलिसांपुढं उभं राहणार ते हे पोर. पोस्टर करणारा माणूस शहरात असतो. आणि वर दरीतून माणूस काढायची वेळ आली की लोणावळ्याचे शिवदुर्गवाले किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचे स्वयंसेवक आपापली कामं टाकून दोर घेऊन धावतात. तुमच्या नऊशे नव्व्याण्णव रुपयांत त्यांचा हिस्सा किती, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाय.

हो, पैशाचा हिशेबही मला कळतो. तीन बस भरल्या की माणशी खर्च खाली येतो, वीस जणांना नेलं की तो दुपटीच्या आसपास जातो. आणि तुम्ही दर वाढवला तर लोक शेजारच्या ग्रुपकडे जाणार. म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहितोय. सगळ्यांनी मिळून ठरवलंत तर कुणाचंच गिऱ्हाईक पळत नाही. मला विचाराल तर नऊशे नव्व्याण्णवऐवजी अठराशे द्यायला मी तयार आहे. माझ्यासारखे पेन्शनर पुष्कळ आहेत, पण तुमच्या यादीच्या खाली आहेत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

तर मागण्या या :

१. शिडी, कातळातल्या पायऱ्या किंवा दोर लागणारा टप्पा असलेल्या वाटेवर एका तुकडीत जास्तीत जास्त २० माणसं. एका संस्थेच्या दोन तुकड्यांत निदान पाऊण तासाचं अंतर.

२. आठ माणसांमागं एक लीडर. त्यांतला एक पूर्ण वेळ सगळ्यांच्या मागं. त्याचं नाव निघण्याआधी सगळ्यांना सांगायचं. तो खाली पोचून मोजणी जुळल्याशिवाय एकही बस हलवायची नाही.

३. बॅचमध्ये किती माणसं असतील, हे पैसे भरण्याआधी जाहिरातीतच छापायचं. त्याहून जास्त भरलीत तर मागेल त्याला पूर्ण पैसे परत.

४. साठपर्यंत वयाची अट नको. सगळ्यांकडून, पंचविशीतल्याकडूनही, आजार आणि औषधांची खरी माहिती घ्या. साठच्या वर तीन महिन्यांच्या आतलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागा, आणि एक छोटी परीक्षा घ्या. उदाहरणार्थ, आतकरवाडीकडून सिंहगड पावणेदोन तासांत. जमलं नाही तर नाकारा. मी हूं की चूं करणार नाही. हिमालयातल्या उंचीसाठी याहून कडक ठेवा.

५. बारा वर्षांखालच्या मुलांना रात्रीच्या आणि पावसाळी शिडीच्या ट्रेकला घेऊ नका, आई-बापांनी कितीही सह्या केल्या तरी.

६. प्रत्येक तुकडीत पायथ्याच्या गावातला एक वाटाड्या, ठरलेली मजुरी देऊन. त्या रविवारी त्या तिघी सापडल्या त्या बारीच्या भावाला वाट पाठ होती म्हणून.

७. लीडरना प्रथमोपचाराचं प्रत्यक्ष शिक्षण, आणि त्यांचा विमा तुमच्या खर्चानं.

जाता जाता पर्यटन संचालनालय आणि वन विभागासाठी दोन ओळी, कारण हे पत्र तेही वाचतील अशी आशा आहे. साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, आयोजकांनी नोंदणी करायची असं त्यात आहे. नोंदणी केलेल्यांची यादी प्रत्येक पायथ्याच्या गावात फलकावर लावा आणि शनिवार-रविवारी बसमधल्या माणसांशी ती ताडून बघा. कळसूबाईचं शिखर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, म्हणजे तिथं माणसं मोजण्याचा अधिकार कुणाकडं तरी नक्की आहे. कासच्या फुलांसाठी दिवसाला किती माणसं सोडायची, हे आपण ठरवू शकलो. शिडीवरच्या माणसांसाठीही ठरवता येईल. बंदी घालू नका, मोजून सोडा.

ज्यांनी मला फॉर्ममध्ये घेतलं नाही त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. त्यांच्यासारखे बहुतेक सगळेच आहेत. त्यांच्या ऑफिसला मी हे पत्र वेगळं पाठवलं आहे. त्या लीडर मुलाचंही नाव लिहीत नाही. त्यानं घरी गेल्यावर मला फोन केला, तिघी घरी पोचल्या म्हणून कळवलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा फॉर्म भरणार आहे, हरिश्चंद्रगडाचा, पाचनईच्या वाटेचा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र काढून ठेवलंय. बी.पी.ची एक गोळी सुरू आहे, ती त्यात लिहिली आहे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त स्टेशन मास्तर

ता.क. : गार्डसाहेबांची शिट्टी त्या मुलीकडं राहिली आहे. पितळेची, जुनी आहे. तिच्या वाचनात हे आलं तर गार्डसाहेबांचा निरोप असा की, परत करायची घाई नाही, पुढच्या ट्रेकला गळ्यात घालून जा.